सच्छिद्र कार्बनच्या इलेक्ट्रोडने समुद्राचं पाणी पिण्यालायक करता येतं का?

करता येतं पण परवडत नाही, ही पद्धत खरी कामाची आहे ती मचूळ बोअरच्या पाण्यासाठी. हिला कपॅसिटिव्ह डीआयनायझेशन म्हणतात. कार्बनच्या दोन प्लेटांच्या (म्हणजे इलेक्ट्रोडच्या) मधल्या फटीतून पाणी सोडायचं आणि साधारण १.२ व्होल्ट द्यायचे, की सोडियम निगेटिव्हकडे आणि क्लोराइड पॉझिटिव्हकडे ओढलं जाऊन छिद्रांत चिकटून बसतं, म्हणजे आरओसारखं सगळं पाणी पडद्यातून दाबत बसायचं नाही, फक्त मीठ उचलायचं (मला तरी हीच आयडिया जास्त हुशार वाटते). छिद्रं एवढ्याचसाठी की १ ग्रॅम कार्बन एरोजेलच्या (स्पंजसारख्या, खूप हलक्या सच्छिद्र कार्बनच्या) आत शेकडो चौरस मीटर जागा असते. अमेरिकेत लॉरेन्स लिव्हरमोर लॅबमध्ये जोसेफ फार्मर यांनी १९९०च्या दशकात एरोजेलवर हे करून दाखवलं, मग २०१२ मध्ये तिथल्याच टीमने पाणी दोन प्लेटांच्या मधल्या फटीतून न नेता थेट इलेक्ट्रोडच्या आरपार नेलं, त्याने स्पीड बराच वाढला. अडचण एकच, छिद्रं भरली की करंट बंद किंवा उलटा करून मीठ धुवून काढावं लागतं, आणि समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ असल्याने ती लगेच भरतात, तिथे आरओच स्वस्त पडतो.