‘उपजत बुद्धी’ हा शब्दप्रयोग

प्रश्न असा आहे: प्राण्यांच्या वागण्याबद्दल लिहिताना ‘उपजत बुद्धी’ म्हणावं की ‘सहजप्रवृत्ती’? दोन्ही एकच ना?

एकच नाहीत. कोळ्याचं जाळं, पक्ष्याचं घरटं, कावळ्यानं वाकवलेली तार, सगळ्यालाच ‘उपजत बुद्धी’ चिकटवतात. ऐकून ऐकून कान किटले आहेत.

‘उपजत’चं पटकन उरकतो. तो उप + जात नव्हे. उत्पद्यते, प्राकृतात उप्पज्जइ, त्यावरून उपजणे. निष्पद्यतेचं निपजणे झालं, तसंच. खरा आनंद ‘बुद्धी’त आहे.

‘बुद्धी’ आली बुध् या धातूपासून. ‘बुध अवगमने’, म्हणजे जाणणे, असं धातुपाठ ही संस्कृत धातूंची जुनी यादी सांगते आणि तेच सगळे उतरवून घेतात. हे अर्धंच आहे. बुध् म्हणजे मुळात जागं होणं. ऋग्वेदात अग्नीला ‘उषर्बुध्’ म्हटलंय, पहाटे जागा होणारा. तिथे ‘पहाटे जाणणारा’ लावून पाहा, जमतं का! लिथुएनियन भाषेत बुदेती म्हणजे जागं असणं, रशियनमध्ये बुदीत् म्हणजे उठवणं, आणि गजराच्या घड्याळाला रशियन लोक चक्क ‘बुदील्निक’ म्हणतात. बुद्धीच्याच कुळातला शब्द! आपलं ‘समजणे’सुद्धा संबुध्यते, संबुज्झइ या वाटेनंच आलंय.

आता हा अर्थ प्राण्यांना लावा. राखी हंसीचं अंडं घरट्याबाहेर गेलं की ती चोचीनं ते आत लोटत आणते. मध्येच अंडं काढून घेतलं तरी तिची मान ओढण्याची हालचाल पुरी करते. लोरेन्झ आणि टिनबर्गन या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकांनी 1938 मध्ये हे मांडलं. इथे काहीच जागं झालेलं नाही. याला बुद्धी म्हणणं चूकच.

गांधीलमाशीची एक जात भक्ष्य म्हणून आणलेला रातकिडा बिळाच्या तोंडाशी ठेवून आधी आत डोकावते. फाब्र या कीटकतज्ज्ञानं तेवढ्यात तो बाजूला सरकवला. तिनं तो परत तोंडाशी आणला आणि पुन्हा आत डोकावली, दर वेळी. ही गोष्ट ‘कीटक म्हणजे यंत्र’ म्हणणारे हिरिरीनं सांगतात आणि फाब्रनंच नोंदवलेला पुढचा भाग गाळतात. दुसऱ्या वसाहतीतल्या माश्या दोन-तीनदा फसल्या आणि मग रातकिडा थेट आत घेऊन गेल्या. हे बुध्!

ऑक्सफर्डमधल्या बेट्टी या कावळीनं सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीतली खाऊची बादली वर काढली, हे 2002 मध्ये प्रसिद्ध झालं. पुढे 2016 मध्ये कळलं की त्याच जातीचे रानातून आणलेले कावळेही डहाळ्या वाकवतात. लगेच काही जाणकार म्हणाले, म्हणजे ही नुसती सहजप्रवृत्ती. मला हे मुळीच मान्य नाही. वाकवणं उपजत असेल; पण समोर डहाळी नाही, तार आहे आणि बादली नळीत अडकली आहे, याचं भान जन्मासोबत येत नसतं.

‘सहज’ म्हणजे सह + ज, सोबत जन्मलेलं. म्हणून ‘सहजप्रवृत्ती’ जोडूनच लिहा. तोडलंत की वाचणाऱ्याला ‘सोपी प्रवृत्ती’ वाटते. काही पुस्तकांत ‘सहजप्रेरणा’ असतं, तेही मला पटत नाही. प्रेरणा म्हटलं की आतून कुणीतरी ढकलल्यासारखं होतं, आणि हंसीची मान हलायला आधी समोर अंडं दिसावं लागतं.