संस्थेची प्रवक्ती म्हणून वृत्तवाहिनीला पहिलीच मुलाखत द्यायची आहे. तयारी कशी करावी?

आपली संस्था पूरग्रस्तांसाठी काम करते, तिच्या वतीने बोलण्याची जबाबदारी आपल्यावर प्रथमच आली आहे आणि वाहिनीचा प्रतिनिधी दोन दिवसांत येणार आहे, असे आपण लिहिले आहे. सांगलीतील अशाच एका संस्थेच्या वतीने मी २०१९ च्या महापुरापासून वार्ताहरांशी बोलत आलो आहे. माझा पहिला सल्ला असा की, कोणत्या विषयावर बोलण्याचा आपल्याला अधिकार नाही, ते आधी कार्यकारिणीत बसून ठरवून घ्यावे.

कृष्णेचे पाणी चढू लागले की आमच्याकडे तीन प्रश्न हमखास येतात : कोयना धरणातून किती पाणी सोडले, पूर कर्नाटकातील अलमट्टी धरणामुळे येतो का, आणि प्रशासन कमी पडले का. यांपैकी एकही प्रश्न मदतकार्य करणाऱ्या संस्थेचा नाही. विसर्गाचा आकडा जलसंपदा विभागाने द्यावा आणि अलमट्टीचा वाद दोन राज्यांनी पाहावा. ‘तो आकडा आपण विभागाकडून घ्यावा; आमच्या निवारा केंद्रात काल किती माणसे जेवली आणि आज कशाची निकड आहे, ते मी सांगते,’ असे म्हणून आपल्या विषयावर यावे. यात टाळाटाळ नाही, कारण वार्ताहराला दुसरीकडे न मिळणारी माहिती आपण देत असतो.

तरीही आकड्यांची भाषा आपल्याला आलीच पाहिजे. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. पाणी ४१ फुटांवर असताना आपण कॅमेऱ्यासमोर ‘धोका पातळी ओलांडली’ असे बोलून गेलो, तर २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वरचे पाणी पाहिलेल्या लोकांची झोप उडते. क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) हा पाण्याच्या प्रवाहाचा दर असून टीएमसी (एक अब्ज घनफूट) हे साठ्याचे माप आहे. ११,५७४ क्युसेकचा विसर्ग सलग २४ तास चालू राहिला, तर साधारण १ टीएमसी पाणी जाते. आमच्या एका उत्साही कार्यकर्त्याने एकदा ‘पन्नास हजार टीएमसी पाणी सोडले’ असे ठणकावून सांगितले होते. कोयनेची सारी साठवणक्षमताच १०५.२५ टीएमसी आहे, हे तेथे उभ्या असलेल्या कोणाच्याही ध्यानात आले नाही आणि ते वाक्य तसेच प्रसारित झाले.

माझी स्वतःची चूक वेगळी होती. ‘प्रशासन कमी पडले ना?’ या प्रश्नावर मी म्हणालो, ‘प्रशासन कमी पडले असे मी म्हणणार नाही, पण बोटी उशिरा आल्या.’ संध्याकाळी पडद्याखालच्या पट्टीवर माझ्या नावापुढे ‘प्रशासन कमी पडले’ एवढेच उरले होते. वार्ताहराचा आरोप नाकारण्यासाठीसुद्धा त्याचेच शब्द उच्चारू नयेत, हे मी त्या दिवशी शिकलो. दुसऱ्या दिवशी ज्या कार्यालयात बोटीसाठी जायचे होते, तेथे मला पाऊण तास बाहेर बसावे लागले.

अर्ध्या तासाच्या मुलाखतीतूनही बातमीत पंधरा-वीस सेकंदांचा बाईटच, म्हणजे आपल्या बोलण्याचा तुकडाच, लागतो. म्हणून जे पोहोचलेच पाहिजे ते दोन वाक्यांत बसवून मोठ्याने म्हणून पाहावे. लिहिताना सुबक वाटणारे वाक्य तोंडात पुष्कळदा अडखळते. सरावासाठी संस्थेतील सर्वांत खवचट माणूस निवडावा आणि त्याला हिशेबाबद्दल, देणगीदारांबद्दल, वाटपात डावललेल्या गल्लीबद्दल आडवेतिडवे प्रश्न विचारू द्यावेत. ठाऊक नसलेल्या गोष्टीबद्दल ‘तपासून संध्याकाळपर्यंत कळवते’ असे सांगावे आणि खरोखरच कळवावे. ‘हे छापू नका’ असे म्हणून काही सांगण्याच्या फंदात मात्र पडू नये. बूम (वाहिनीचा हातातला माईक) खाली ठेवल्यावरही माईक चालू असू शकतो.

उभे कोठे राहायचे, तेही पाहून ठेवावे. मदतीच्या पाकिटांवर कोणा नेत्याचे छायाचित्र असेल, तर तो ढीग आपल्या पाठीशी दिसता कामा नये. निवारा केंद्रातील एखाद्या बाईंना कॅमेऱ्यासमोर आणण्याचा आग्रह झाला, तर त्यांना आधी बाजूला घेऊन विचारावे आणि त्यांनी नकार दिल्यास तो आपण प्रतिनिधीला सांगावा.

निघताना संस्थेचे नाव, आपले पद आणि उच्चारलेले सर्व आकडे स्वच्छ अक्षरांत लिहिलेला कागद प्रतिनिधीच्या हातात द्यावा. बातमीत चूक आढळली, तर प्रथम त्यालाच दूरध्वनी करावा. थेट संपादकांकडे तक्रार गेल्यास पुढच्या पुरात तो आपल्या केंद्राकडे फिरकणार नाही.