महागड्या टेस्टिंग मेन्यूच्या रेस्टॉरंटमध्ये एकट्याने जेवायला गेलं तर विचित्र दिसतं का?

पहिली दहा मिनिटं दिसतं. तेही आपल्यापेक्षा वेटरला जास्त.

मी मालवणात खानावळ चालवतो, आईने सुरू केलेली. एकट्या गिऱ्हाइकाचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही, म्हणून लिहितोय.

गेल्या मार्गशीर्षात मुलाने आमच्या लग्नाच्या वाढदिवसासाठी गोव्यात एका ठिकाणी दोघांचं बुकिंग केलं. टेस्टिंग मेन्यू म्हणजे शेफने ठरवलेले छोटे छोटे पदार्थ, एकामागून एक. इथे नऊ कोर्स, पैसे आगाऊ, परत मिळणार नाहीत. पोराने वार बघितलाच नाही. गुरुवार! बायको म्हणाली, उपास मोडून मी मासे खायला येणार नाही, आणि तीन तास बसून बोटाएवढे तुकडे कोण खाणार. भरलेले पैसे बुडवणं माझ्या रक्तात नाही. एकटाच गेलो.

दारातच, "सर, मॅडम मागून येतायत?" बसल्यावर परत तेच. पाणी ओतताना तिसऱ्यांदा. मग समोरची ताटली, ग्लास, काटे-चमचे उचलायचा असा खणखणाट, की आजूबाजूची जोडपी वळून बघायला लागली. टेबलही दिलं ते किचनच्या दाराला चिकटून. मी म्हटलं, दोघांचे पैसे घेतलेत ना, मग दोघांचं मलाच आणा. तो पोरगा आत जाऊन विचारून आला. तसं करता येत नाही म्हणे.

सोलकढी आली ती चमच्याने खायची, वर कोकमाचा फेस. चांगली होती, खोटं कशाला बोला. मधलं दोन-तीन काय होतं ते आता आठवत नाही. पाचवा बांगडा. बोटभर तुकडा, वर तिरफळाची (आमच्याकडे माशात घालतात तो मसाला) पूड, आणि दाताखाली कचकच. तिरफळाची साल घ्यायची, काळं बी टाकायचं, हे आमच्याकडे शाळेतली पोरंही सांगतील. बी कुटलं गेलं की कडवट लागतं. मी वेटरला तसं सांगितलं.

शेफ स्वतः बाहेर आला, बहुतेक भांडायलाच. पोरगा निघाला वेंगुर्ल्याचा. समोरची खुर्ची रिकामी होती, तो सरळ तिच्यावर बसला. आम्ही पूड चाळून घेतो म्हणाला. आण म्हटलं. बशीत आणली, दोघांनी बोटाने चाखली, तो गप्प झाला. पाऊण तासाने एका वाटीत बांगड्याची आमटी आली, अख्खी तिरफळं ठेचून घातलेली, मेन्यूत नसलेली. तेवढी बायकोच्या वाटणीची वसुली झाली म्हणायचं.

बरोबर चौघं असते तर कुणीतरी "जाऊ दे ना, कशाला उगाच" म्हणालंच असतं, आणि शेफला बसायला खुर्ची नसती.

आता हे माझ्या धाकट्या भावाला कोणी सांगावं? गल्ल्यावर तो बसतो. चार वर्षांपूर्वी त्याने नियम काढला, सीझनमध्ये एकट्याला टेबल नाही. "एकट्याक टेबल दिलंस तर चौघांका खंय बसवतलंस?" हिशोब म्हणून बरोबर आहे त्याचं. पण आमची खानावळ उभी राहिली ती एकट्यांवरच. वस्तीच्या एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर, घाटावरून बदलीवर आलेले मास्तर, औषध कंपन्यांचे एमआर. आई म्हणायची, "एकटो आसा, तेका आदी वाढ." भिंतीला लागून एक लांब बाकडं होतं, त्यावर पाच जण रांगेत बसायचे आणि आई समोर तव्यावर मासे तळायची. आता ह्यालाच शेफ्स काउंटर म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे लावतात.

तर तुमच्या प्रश्नाचं. फोन करून बुक करा, एकटेच आहात हे आधीच सांगा आणि काउंटर असेल तर काउंटरच मागा. शनिवार-रविवार टाळा. काय चालत नाही ते तेव्हाच सांगा, मेन्यू ठरलेला असतो, आयत्या वेळी बदलत नाहीत. पुस्तक-बिस्तक नेऊ नका, समोर काय चाललंय ते बघा. किनाऱ्यावर मासे खायला जायचं असेल तर जून-जुलै सोडा, १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते.

काही ठिकाणी एकट्याचं बुकिंग घेतच नाहीत. त्यांच्यावर चिडू नका. (मे महिन्यात मीसुद्धा एकट्याला दुसऱ्यांच्या टेबलावर बसवतो, पण विचारून.) आणि प्रत्येक कोर्सबरोबर वाइन घेणार असाल तर ते ग्लास आपल्या एकट्याच्याच पोटात जातात, परत गाडी चालवायला बरोबर कोणी नसतं. मी नुसतं पाणी प्यायलो, तरी रात्री बांद्याच्या पुढे झोप आवरेना, गाडी बाजूला घेऊन झोपलो.

बाई असाल तर माझा अनुभव कितपत लागू पडेल माहीत नाही. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली की मी रोजच सगळ्यांचं झाल्यावर एकटी जेवते, मला कोणी विचारलंय का विचित्र वाटतं म्हणून.

बाकडं मी माळ्यावरून उतरवून परत भिंतीला लावलंय. भाऊ म्हणतो ती जागा फ्रीजची. फ्रीज सध्या पडवीत आहे.