पुरात भाऊ गेला आणि मी वाचलो. ही टोचणी कधी जाते?

तुम्ही लिहिलंय, सप्टेंबर २०२५ च्या पुरात धाकटा भाऊ दावणीची जनावरं सोडायला गेला तो आलाच नाही. तुम्ही लेकरांना घेऊन गच्चीवर चढलात म्हणून वाचलात. तेव्हापासून झोप नाही, ‘मीच जायला हवं होतं’ हेच डोक्यात. हे वेड आहे का, असं विचारलंय. नाही. आपत्तीतून वाचलेल्या कित्येकांना हे होतं.

आम्ही किल्लारीकडचे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६ ला भूकंप झाला. आदल्या दिवशीच गणपती बोळवलेले. दगडमातीच्या रुंद भिंती आणि वरचं जड माळवद आत निजलेल्यांच्या अंगावर आलं. माझ्या आत्यानं थोरल्याला ‘दव पडतंय, आत निज’ म्हणून घरात धाडलं होतं. ती सासूपाशी अंगणात होती. पुढं पुनर्वसनाच्या पक्क्या घरातही ती कित्येक वर्षं आत निजली नाही. पाऊस आला की डोक्यावर पोतं घेऊन दारात बसायची. ‘देवानं तुला राखलं’ असं कुणी म्हटलं की आणखीच मिटायची. असं कुणाला म्हणू नये.

हा अपराधीपणा आज कळलेल्या गोष्टींवरून त्या रात्रीचा हिशेब मांडतो. किल्लारीला १९९२ मध्येही हादरे बसले होते, लोक बाहेर निजले, मग पुन्हा आत गेले. देशाच्या भूकंप नकाशात आमचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो नकाशा बदलला २००२ साली. नकाशे करणाऱ्यांना जे कळलं नाही, ते आत्याला कसं कळावं? तुमच्याही पुढ्यात तेव्हा पाणी होतं आणि लेकरं होती. त्यांना कुणीतरी उचलायला हवंच होतं. ते तुम्ही केलंत.

हे पटलं तरी टोचणी लगेच जात नाही. आत्याला उतार पडला तो शेजारगावच्या एका बाईमुळं. तिनंही लेकीला स्वतःच आत निजवलं होतं. दोघी तेच ते बोलत बसायच्या, कुणी कुणाची समजूत घालत नसे. तुमच्याकडं पुरात माणूस गमावलेलं कुणी असेल तर त्याच्याकडं जाऊन बसा.

पण झोपेचं अंगावर काढू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. मानसोपचाराच्या डॉक्टरला दाखवा, औषध दिलं तर घ्या. झोपेसाठी दारू मात्र नको. जगणंच नको वाटलं तर रात्र असली तरी फोन लावा आणि घरातल्या एकाला तरी उठवा.