जंगलातून जाणारा शंभर किलोमीटरचा दिवस

प्रश्न : दर रविवारी 50-60 किमी सायकल आरामात होते. आता सामान लादून चार दिवसांची टूर करायचीय, त्यात एक दिवस 100 किमीचा आहे आणि अर्धा रस्ता माळरान, अर्धा जंगल. प्राणी-पक्षी बघायचेत पण खरं सांगायचं तर भीतीही वाटते. पहाटे अंधारातच निघून लवकर उरकावं का?

उत्तर : अंधारात निघू नका, हे आधीच सांगते. पहाट आणि तिन्हीसांज ही बऱ्याच प्राण्यांची चरायची, शिकारीला निघायची वेळ, आणि सायकलला आवाज नसतो. गाडी येतेय हे हरणाला लांबूनच कळतं, तुम्ही मात्र उतारावर ताशी 40 ने सुटलेले असता आणि वळणावर पोचेपर्यंत कोणाला पत्ता नसतो. माझं तेच झालं होतं, घाट उतरताना वळण घेतलं आणि समोर रानडुकरीण, मागे पिल्लांची रांग, दोघी एकदमच दचकलो, मी कशीबशी थांबले आणि ती पिल्लांना घेऊन झाडीत उतरली म्हणून निभावलं. तेव्हापासून पुढचं दिसत नसलेल्या प्रत्येक वळणाआधी मी घंटी वाजवते, नाहीतर चक्क मोठ्याने बोलते.

आता वेळेचं बघू. सामानासकट ताशी 15 धरा, म्हणजे 100 किमीला पावणेसात तास नुसतं पेडल मारणं, थांबे धरून 9-10 तास. माळ आधी येत असेल तर झुंजुमुंजू होताच निघा, माळावर पहिल्या दोन तासांत जे दिसतं ते नंतर दिवसभर दिसत नाही. जंगल आधी येत असेल तर ऊन चांगलं वर येऊ द्या, मगच आत शिरा आणि तो दिवस सरळ 70 चा करा. मला विचाराल तर 70 च बरा, बघायला वेळ मिळतो. आणि काहीही झालं तरी सूर्य मावळायच्या तासभर आधी जंगलाच्या बाहेर, कारण संध्याकाळी डांबर गरम असतं आणि साप त्या उबेसाठी रस्त्यावर येऊन पडतात, कमी उजेडात ते फांदीसारखे दिसतात.

बघताना एक लक्षात ठेवा, चालती सायकल बरेच प्राणी खपवून घेतात, तुम्ही थांबलात की पळतात. म्हणून कचकन ब्रेक दाबू नका, तसंच हळू पुढे जा, लांब जाऊन थांबा आणि मग दुर्बीण काढा. एक हरीण रस्ता ओलांडून गेलं तरी लगेच निघू नका, मागे बाकीचा कळप असतो.

मोठ्या जनावराचं मात्र वेगळं. हत्ती ताशी 25 किमीपर्यंत पळू शकतो आणि चढावर तुमची लादलेली सायकल 8-10 ने जाते, त्यामुळे निसटून जाऊ हा विचारच सोडा, लांबूनच मागे फिरा आणि तो गेल्यावर या. अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कात अस्वलापासून निदान 91 मीटर लांब राहायचा नियम आहे, कुठेही गेलात तरी तेवढं अंतर मनात ठेवा. बिबट्या वगैरे समोर आला तर पाठ फिरवून पळायचं नाही, पळणाऱ्याच्या मागे लागणं ही त्याची सवयच. सायकलवरून उतरा, ती मध्ये धरा, त्याच्याकडे तोंड करून हळूहळू मागे सरका.

प्रश्न : दुपारी 70 किमीनंतर पाय एकदम संपतात, डोकंही चालत नाही. स्टॅमिना कमी आहे का?

उत्तर : बहुतेक वेळा स्टॅमिना नाही हो, खाणं कमी पडतं. शरीरात साठवलेलं ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंना लागणारा साखरेचा साठा, दमदार सायकलिंगमध्ये दीड-दोन तासांत बरंच उतरतं, आणि भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. पहिल्या तासापासूनच दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब्स (खाण्यातली साखर आणि पिष्ट) पोटात जाऊ द्या, पाणी घोट घोट. दुसरं म्हणजे वारा, जमीन तापली की दुपारी तो वाढतो आणि समोरून आला की लोक सकाळचाच स्पीड धरून ठेवायला बघतात, तिथेच पाय जातात. गिअर उतरवा, स्पीडकडे बघूच नका, श्वास लागणार नाही इतकाच जोर लावा. फक्त माकडं दिसतील तिथे खायला थांबू नका, एकदा पिशवीत खाणं असतं हे त्यांना कळलं की तुमच्या मागून येणाऱ्या प्रत्येक सायकलवाल्याची पिशवी ती ओढणार.