मूळ फिर्यादीचं वकीलपत्र

प्रिय मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

खून झालेल्या माणसाच्या बायकोचं, म्हणजे मूळ फिर्यादीचं, वकीलपत्र तू घेतलंस, हे वाचून फार बरं वाटलं. 'सरकारी वकील असताना तुमचं इथे काय काम?' असं तुला कोर्टात विचारलं गेलं. हा प्रश्न पुन्हा पुन्हा येईल. उत्तर कायद्यात आहे, पण ते आपणहून कुणी त्या बाईच्या पदरात टाकणार नाही. प्रत्येक टप्प्यावर लेखी अर्ज देऊन ते मागून घ्यावं लागतं, आणि तेच तुझं काम.

आधी तिला हे सांग, की कायद्यातल्या 'पीडित' या व्याख्येत मृताचे वारसही येतात. नवरा गेला म्हणून ती नुसती साक्षीदार उरत नाही. पोलीस ठाण्यात चौकशीला जाताना बायका उपकार मागायला आल्यासारख्या दाराशी उभ्या राहतात. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार एफआयआरची प्रत मोफत मिळायला हवी, आणि तपास कुठवर आला हे पोलिसांनी 90 दिवसांच्या आत कळवायला हवं. दोषारोपपत्राची प्रतही पीडिताला मिळते, मात्र वकील असेल तरच. म्हणून दोषारोपपत्राची वाट न पाहता आजच वकीलपत्र दाखल कर. वकील नाही म्हणून कागद नाही, ही मला या कलमातली मोठी उणीव वाटते. फी न परवडणाऱ्या बायका तुझ्याकडे येतील, त्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठव. तिथे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

खरी कसोटी जामिनाच्या वेळी आहे. आरोपीचा अर्ज लागतो, सरकारी वकिलांच्या हातात त्या दिवशी ढीगभर प्रकरणं असतात, आणि घरच्यांना आदेश गावात कळतो. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीत आंदोलक शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या प्रकरणात, आरोपीला जामीन देताना मृत शेतकऱ्यांच्या कुटुंबीयांची बाजू उच्च न्यायालयात नीट ऐकली गेली नव्हती. ऑनलाइन सुनावणीत त्यांच्या वकिलांचा संपर्कच तुटला होता. एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जामीन रद्द केला आणि तपासापासून अपिलाच्या शेवटापर्यंत पीडिताला म्हणणं मांडण्याचा हक्क आहे, असं स्पष्ट केलं. हा निकाल जवळ ठेव. हस्तक्षेप अर्ज, म्हणजे जामिनाच्या सुनावणीत आमचंही ऐका असा अर्ज, पहिल्याच तारखेला दे. त्यात संताप लिहू नकोस. धमकी कधी आली, कुणी दिली, आरोपी त्याच वस्तीत राहतो का, हे लिही. धमकी खरी असेल तर साक्षीदार संरक्षण योजनेखाली वेगळा अर्ज कर. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच ती देशभर लागू केली आहे.

तुझी मर्यादाही ओळख. कोर्टाच्या परवानगीने तू सरकारी वकिलांना साहाय्य करू शकतेस आणि पुरावा संपल्यावर लेखी युक्तिवाद देऊ शकतेस. साक्षीदार तपासायला किंवा खटल्यात तोंडी युक्तिवाद करायला मात्र तुला उभं राहता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवून टाकलं आहे. मला हा निर्णय योग्यच वाटतो. एका आरोपीपुढे दोन फिर्यादी पक्ष उभे राहिले तर खटला न्याय्य राहत नाही. म्हणून सरकारी वकिलांशी स्पर्धा करू नकोस. साक्षीच्या आदल्या दिवशी मुद्दे कागदावर काढून त्यांच्याकडे दे. पंचनाम्यातली विसंगती त्यांच्या नजरेतून सुटली असेल तर चेंबरमध्ये सांग, भर कोर्टात नको.

तिची स्वतःची साक्ष होईपर्यंत इतर साक्षींच्या वेळी तिला बाहेर बसवतील. कारण आधीच समजावून सांग, नाहीतर आपल्यालाच हाकललं असं तिला वाटतं. उलटतपासात नवऱ्याच्या दारूविषयी, संसाराविषयी विचारतील. हेही तिने पहिल्यांदा पिंजऱ्यात ऐकता कामा नये.

नुकसानभरपाईसाठी निकालापर्यंत थांबू नकोस. आरोपी सापडला नसला तरी मृताच्या आश्रितांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. तातडीची मदतही त्यातच माग. मुलांची शाळा चालू असेल तर दाखला जोड. राज्य सरकारची मनोधैर्य योजना वेगळी आहे, ती बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार, ॲसिड हल्ला यांसारख्या गुन्ह्यांसाठी आहे. त्या फॉर्मवर हा अर्ज भरलास तर फुकट महिने जातील.

आणि आरोपी सुटलाच, तर तिथे सारं संपत नाही. 2009 च्या अखेरीपासून पीडिताला स्वतः अपील करता येतं. त्यासाठी उच्च न्यायालयाची विशेष परवानगी लागत नाही, हे 2018 च्या निकालाने स्पष्ट झालं. सुटका, कमी गुन्ह्याखाली शिक्षा, अपुरी भरपाई या तिन्हींविरुद्ध तिला जाता येतं. नुसती शिक्षा कमी झाली एवढ्यासाठी मात्र नाही, तो अधिकार सरकारचा. हे तिला आजच सांग, निकालाच्या दिवशी नको. त्या दिवशी तू निकालपत्राच्या प्रमाणित नकलेचा अर्ज टाक आणि तिला कुणाच्या तरी सोबतीने घरी पाठव.

जामिनाची तारीख कळली की अर्जाचा मसुदा पाठव, मी वाचून देते.

तुझी,
ताई