दूर्वा निवडल्या, पण हात जोडले नाहीत

प्रिय भगिनी,

तुमचे चार पानी पत्र मी दोनदा वाचले. तुमच्या मुलाने वसईच्या मराठी कॅथलिक कुटुंबातील मुलगी पसंत केली आहे आणि मुलगी तुम्हालाही मनापासून आवडली आहे. गेल्या भाद्रपदात ती तुमच्या गिरगावातल्या घरी आली, सकाळभर तुमच्याशेजारी बसून एकवीस-एकवीस दूर्वांच्या जुड्या बांधल्या, मोदकांना तुमच्याहून सुबक कळ्या पाडल्या आणि आरतीची वेळ झाली तेव्हा मात्र स्वयंपाकघराच्या दाराशी शांतपणे उभी राहिली. तिने हात जोडले नाहीत. ते तुमच्या जाऊबाईंनी पाहिले आणि बोलूनही दाखवले. पुढे दोन्ही घरांची भेट झाली, तेव्हा मुलीचे वडील, वाईट हेतू नसताना, ‘देव एकच आहे, बाकी सारी माती’ असे म्हणून गेले. तुमचा प्रश्न असा आहे की, ‘यजमानांच्या पायाच्या शस्त्रक्रियेनंतर मी बांद्र्याच्या चर्चमध्ये जाऊन मोतमाउलीला, म्हणजे मारियामातेला, मेणाचा पाय वाहिला, मला काही अडले नाही, मग तिलाच का अडावे? आणि अनेक देव मानतो म्हणून आमची श्रद्धा खालच्या पायरीची ठरते का?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण दुखणे तिथे आहे. तुम्ही मोतमाउलीपुढे हात जोडलेत तेव्हा तुमच्या देव्हाऱ्यातला एकही देव रागावला नाही. आपल्याकडे कुलदैवत वेगळे, ग्रामदैवत वेगळे, इष्टदैवत वेगळे. लग्न होऊन आलेली सून माहेरचा बाळकृष्ण सोबत आणते आणि सासरच्या खंडोबाच्या टाकाशेजारी तो ताम्हणात बसतो. नवा देव आला की जागा थोडी सरकवायची, एवढेच. तुमच्या होणाऱ्या सुनेच्या धर्माची बांधणी मुळातच निराळी आहे. दहा आज्ञांमधली पहिलीच आज्ञा सांगते की माझ्याखेरीज दुसरा देव मानू नकोस. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिन्ही परंपरांत देवाचे एकत्व हा श्रद्धेचा पाया आहे आणि त्या देवाची आराधना दुसऱ्या कोणाला देणे ही त्याच्याशी केलेली प्रतारणा मानली जाते. तेव्हा हात जोडताना तुम्ही तुमच्याजवळचे काहीच सोडले नव्हते. तिने हात जोडले असते तर तिला तिच्या समजुतीप्रमाणे देवाला दिलेला शब्द मोडावा लागला असता. ‘मी तुझ्या देवाला मानते, तू माझ्या देवाला मान’ हा सौदा तुम्हाला बरोबरीचा वाटतो, पण त्यात तुमच्या पदरचे काही जात नाही आणि तिचे बरेच काही जाते.

तिच्या चर्चमध्ये संतांच्या मूर्ती असतात, माउलीपुढे मेणबत्त्या लागतात, मग गणपतीच कसा चालत नाही, असा मुद्दा तुमच्या दिरांनी मांडला आहे. कॅथलिक शिकवण इथे भेद करते: आराधना केवळ देवाची, मारिया आणि संत यांना आदर द्यायचा आणि देवाकडे आपल्यासाठी विनंती करण्याची त्यांना गळ घालायची. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसेल, तिला ते सारखे नाही. आणि तिच्या श्रद्धेचा अर्थ सांगण्याचा अधिकार, दिरांपेक्षा तिचा जास्त आहे.

आता तुमची दुसरी वेदना, जी मला अधिक खरी वाटली. अनेक देव मानणे म्हणजे अजाणतेपण, असे कोणी सुचवले तर ते निमूटपणे ऐकून घेण्याची काहीच गरज नाही. बृहदारण्यक उपनिषदात शाकल्य याज्ञवल्क्यांना विचारतो की देव किती. पहिले उत्तर येते तीनशे तीन आणि तीन हजार तीन. ‘बरे, पण खरोखर किती?’ असे तो पुन्हा पुन्हा विचारत जातो आणि संख्या तेहेतीस, सहा, तीन, दोन, दीड अशी उतरत शेवटी एकावर येते. मला त्या संवादातली गोष्ट भावते ती ही की एकावर पोचल्यावरही तेहेतीस खोटे ठरत नाहीत; आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती असा त्यांचा हिशेब याज्ञवल्क्य पुढे नीट सांगतात. ज्या सत्याला जाणते अनेक नावांनी हाक मारतात ते एकच आहे, असे ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातही आले आहे. म्हणजे ‘एक’ हा शब्द आपल्याला कोणाकडून नव्याने शिकायचा नाही. आपला ‘एक’ अनेकांना पोटात घेतो आणि त्यांचा ‘एक’ दुसऱ्याला जागा देत नाही, फरक इथे आहे. तो फरक बारीक नाही आणि ‘शेवटी सगळे एकच’ असे म्हणून तो पुसूही नये, कारण त्या वाक्याने तुम्हाला समाधान मिळेल, पण तिला मात्र आपले म्हणणे ऐकलेच गेले नाही असे वाटेल.

मातीविषयीही व्याह्यांना तुम्ही शांतपणे सांगू शकता. शाडूची मूर्ती कारखान्यातून पाटावर बसवून आणतो तेव्हा तिची पूजा होत नाही. प्राणप्रतिष्ठा होते तेव्हा ती देव होते, आणि उत्तरपूजेनंतर अक्षता वाहून तिला जागेवरून किंचित हलवले की देवत्वाचे विसर्जन झाले, उरते ती माती, म्हणून तर ती पाण्यात सोडता येते. ज्यांनी हा विधी घडवला त्यांना माती आणि देव यांतले अंतर पुरेपूर ठाऊक होते.

तिच्या त्या उभे राहण्यात तुम्हाला परकेपणा दिसला, मला नरहरी सोनार आठवले. पंढरपुरात राहून हा शिवभक्त विठ्ठलाच्या देवळाची पायरी चढत नसे. विठ्ठलासाठी कडदोरा घडवण्याचे काम आले, माप सारखे चुकू लागले, तेव्हा ते डोळ्यांवर पट्टी बांधून गाभाऱ्यात गेले, अशी कथा आहे. हाताला शंकर लागला, पट्टी सोडली तर समोर विठ्ठल. कथेचा शेवट आपण आवडीने सांगतो, पण त्या पट्टीकडे सहसा थांबून पाहत नाही. इतक्या हट्टाच्या माणसाला वारकऱ्यांनी संतांच्या मांदियाळीतून वगळले नाही. (तुमच्या सुनेच्या बाबतीत मात्र कथेच्या शेवटाची वाट पाहू नका, तीही एक जबरदस्तीच होईल.)

तुमच्या गिरगावातच १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजातली माणसे मूर्तिपूजा न करता एकाच ईश्वराची उपासना करीत आणि उपासनेत तुकोबांचे अभंग गात. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्यांतलेच. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले मराठी यहुदी, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले; शेजारी पिढ्यान्‌पिढ्या अनेक देवांची पूजा करीत राहिले आणि हे आपल्या एका देवाचा शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळत राहिले. एकाच गावात, मराठीच बोलत.

येत्या गणपतीत काय करावे, हे तुम्ही विचारले आहे. आरतीचे तबक तिच्या हाती देऊन नातेवाइकांसमोर तिची परीक्षा घेऊ नका. जाऊबाईंना उत्तर तुम्ही द्यायचे, तिने नव्हे. ‘तिच्या धर्मात चालत नाही आणि मला ते ठाऊक आहे’ एवढे पुरे. प्रसादाचे तिला एकांतात विचारा. काही ख्रिस्ती लोक आनंदाने घेतात, काहींना देवाला दाखवलेले अन्न चालत नाही. तसे असेल तर नैवेद्याच्या ताटातला मोदक न देता मोदकपात्रातल्या उरलेल्यांपैकी द्या. तेवढ्याने तिचाही मान राहतो आणि बाप्पाचाही.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही आणि मला तिची काळजी अधिक वाटते. चर्चच्या परवानगीने हे लग्न होणार असेल तर होणाऱ्या मुलांना बाप्तिस्मा मिळावा म्हणून आपल्या परीने सर्व प्रयत्न करीन, असे वचन कॅथलिक जोडीदाराला द्यावे लागते, आणि त्याची कल्पना दुसऱ्या जोडीदाराला देणेही चर्चच्या नियमानुसार आवश्यक असते. तुमच्या मुलाला हे माहीत आहे का? दोघे १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करणार असतील तरी त्याआधी तीस दिवसांची नोटीस असते, पण हे बोलणे त्या तीस दिवसांवर ढकलू नका. बारशाच्या दिवशी पाळण्याशेजारी हा विषय निघाला तर तेव्हा कोणीच नीट बोलू शकणार नाही. तुमच्या मनात नातवंडांच्या मुंजीचे स्वप्न असेल तर तेही आत्ताच, रडू आले तरी, सांगून टाका. निर्णय त्या दोघांचा आहे, पण तुमचे मन त्यांना कळलेले असावे.

साखरपुड्याच्या आधी एकदा तुम्ही स्वतः वसईला त्यांच्या घरी जा. घरातल्या अल्तारीपुढे, म्हणजे प्रार्थनेच्या वेदीपुढे, मेणबत्ती लावलेली असेल. तुम्हाला हात जोडावेसे वाटले तर अवश्य जोडा; मात्र ते जोडलेले हात पुढे कधी तिच्याकडे वसूल करायला काढू नका.

तुमची,
ताई